‘थांगी’ या शब्दाविषयी, तू विचारलंस म्हणून

प्रिय दादा,

तुझं पाकीट मंगळवारी दुपारी पोचलं. कुरिअरवाल्याने जिना चढायला साफ नकार दिला, तेव्हा हा गुडघा घेऊन मीच तीन मजले खाली उतरले आणि तुझी एकशे ऐंशी पानं छातीशी धरून वर आले. वर आल्यावर आधी पाणी प्यायले, मग चष्मा शोधला (डोक्यावरच होता) आणि मग तुझी चिठ्ठी वाचली. ‘तू भाषेतली माणूस, एकदा शेवटचा हात फिरव. आणि चौथ्या प्रकरणात एक शब्द हवाय. चोरीचा माल घेणाऱ्याला जुना शब्द होता, पोलीस बाबांना तो म्हणाले होते, पण मला काही केल्या आठवत नाही. तो शब्द आणि त्याचा थोडा इतिहास पानभर लिहून पाठव, प्रकरणाला वजन येईल.’ खाली वहिनीकडून माझी विचारपूस, आणि रविवारी संध्याकाळी पुस्तकाची घोषणा करायच्या समारंभात मी दोन शब्द बोलावेत असा आग्रह.

शब्द तुला आठवत नाही हे वाचून मी हसले. मोठ्याने हसले असेन, कारण शेजारच्या बाई दार उघडून ‘काय झालं हो?’ म्हणून विचारून गेल्या. मी म्हटलं, भावाचं पत्र आलंय. त्या म्हणाल्या, नशीबवान आहात, आमचे भाऊ फोनसुद्धा करत नाहीत.

माझं ठीक चाललंय. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. शब्दकोशाचं काम ‘थ’पर्यंत आलंय, आणि हसू नकोस, ‘त’ला आम्हाला साडेतीन वर्षं लागली. आईच्या खोलीत आता माझी कपाटं आहेत. तिची खाट मी दवाखान्यातल्या आयाला देऊन टाकली, तिने आईचं शेवटपर्यंत फार केलं. तू आलास तेव्हा त्या खाटेवर बसला होतास, अर्धा तास, घड्याळ बघत. असो. तुझं शुद्धलेखन चांगलं आहे. दीर्घ ऊकारात अजून चुकतोस, शाळेत चुकायचास तसाच. सगळं पेन्सिलीने दुरुस्त केलंय.

आता तुझा शब्द. शब्द आहे थांगी. ‘थांग’ तू रोज वापरतोस. अमक्याचा थांगपत्ता नाही म्हणतोस, बायकोच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतोस. थांग म्हणजे माग, ठाव, ठिकाणा. पण जुन्या वापरात, आणि शेजारच्या भाषेत तर अगदी स्पष्ट, त्याला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे: चोरांची दडायची आणि माल दडवायची जागा. ती जागा ज्याची, तो थांगी. त्याने स्वतः कुणाचं कुलूप तोडलेलं नसतं, कुणाच्या खिशात हात घातलेला नसतो. तो आपल्या जागी बसून असतो आणि माल त्याच्याकडे चालत येतो. मूळ नेमकं कुठलं याबद्दल आमच्या कार्यालयात दोन मतं आहेत, आणि त्या दोन मतांची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. मला एक कोडं पडायचं की शोधणाऱ्याचा शब्द आणि लपवणाऱ्याचा शब्द एकच कसा. मी नवीन लागले तेव्हा आमच्या जुन्या संपादकांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बाई, चोराचा माग काढत गेलं की वाट ज्याच्या दारात संपते तो थांगी. त्याच्या पलीकडे वाट नसते.’ पुढे कायद्याची भाषा आली आणि तिने भलंमोठं वाक्य आणलं: माल चोरीचा आहे हे माहीत असून तो घेणारा, ठेवणारा किंवा विकायला मदत करणारा इसम. एवढं वाक्य मिळाल्यावर दोन अक्षरांचा शब्द कोण वापरणार? शब्द म्हातारा झाला, बाजूला पडला. हे झालं तुझं पानभर. एवढंच हवं असेल तर इथे थांब, कात्रीने काप आणि चौथ्या प्रकरणात चिकटव.

तू थांबणार नाहीस हे मला ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं.

तुझ्या चौथ्या प्रकरणात बाबांचं दुकान ‘अंधारं, कोंदट’ आहे. दादा, त्या दुकानाला रस्त्याच्या बाजूने एवढी मोठी काच होती. उजेडासाठी बाबांनी टेबल त्या काचेला लावून घेतलं होतं, आणि दुपारी उन्हामुळे त्यांचा उजवा कान लाल व्हायचा. दुकान अरुंद होतं हे खरं, दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला पायरीवर थांबावं लागे. बेंझिनचा वास यायचा. डोळ्याला भिंग लावून बाबा चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलायचे, तेव्हा आपण दोघं श्वास रोखून बसायचो. कुठलंही घड्याळ उघडलं की मागच्या झाकणाच्या आत सुईने एक बारीक खूण आणि तारीख कोरायची, मगच झाकण लावायचं, हा त्यांचा नेम. ‘पुढचा कारागीर उघडेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे, आधी इथे कोण येऊन गेलं.’ तू काउंटरवर बसायचास. गोड बोलायचास, बायका घड्याळ दुरुस्तीला घेऊन यायच्या आणि पट्टा नवीन घेऊन जायच्या. बाबा म्हणायचे, याच्या जिभेला मी तेल घालत नाही, ती आपोआप चालते.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा तू मला मनगटी घड्याळ दिलंस. नखाएवढी तबकडी, काळा चामड्याचा नाजूक पट्टा, काटे सोनेरी. ‘आईला सांग जुनंच होतं, दुरुस्त केलंय.’ मी तसंच सांगितलं. वर्गात मी आठ दिवस डाव्या हाताने केस मागे सारत होते. दादा, त्या घड्याळाइतकं मी आयुष्यात कशावर प्रेम केलं नाही. हे मी आज कबूल करते, कारण पुढचं सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

पोलीस आले तो दिवस तुझ्या पुस्तकात दीड पानात आटोपलाय. मला तो विसरता येत नाही. शाळेला सुट्टी होती, मी बाबांचा डबा घेऊन दुकानात आले होते. सकाळचे अकरा वाजत आले असतील, कारण बाबांच्या पुढ्यात भिंतीवरचं एक मोठं घड्याळ पोट उघडून पडलं होतं आणि ते म्हणत होते, अकराचे टोल ऐकून मगच जेवतो. तो म्हातारा हवालदार आला, पांढऱ्या मिशांचा, बरोबर दोन शिपाई. त्याने इकडेतिकडे पाहिलंच नाही. काउंटरच्या आत शिरला आणि सरळ खालच्या खणाशी वाकला, जणू तो खण त्याच्याच घरचा. पट्ट्यांच्या खोक्यांमागून त्याने बिस्किटाचा डबा काढला. डब्यात रुमालात बांधलेली चौदा घड्याळं होती. तेव्हा तो उभा राहून म्हणाला, ‘वा! गल्लीत थांगी बसलाय, आणि आम्ही गावभर हिंडतोय.’ तो जुन्या वळणाचा माणूस, त्याच्या तोंडात जुने शब्द होते.

बाबांनी डब्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे पाहिलं. तू काचेतून बाहेर रस्त्याकडे बघत होतास. त्यांच्या चिमट्यात एक स्क्रू होता. तो त्यांनी आधी वाटीत नीट ठेवला, वाटीवर झाकण ठेवलं, डोळ्याचं भिंग काढलं, आणि म्हणाले, ‘माझं आहे.’

दुपारी हवालदार घरी आला. मी दार उघडलं आणि त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. चोरीला गेलेल्या मालाच्या यादीत ते घड्याळ होतं. त्याने अगदी मायेने विचारलं, ‘बाळ, हे कुणी दिलं?’ त्याच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या पाठीमागे तू होतास. आईने मान हलवली, एवढीशी. मी म्हटलं, ‘बाबांनी.’ त्याने लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली. शाळेच्या वहीबाहेर मी केलेली ती पहिली सही. वळणदार, प्रत्येक अक्षर सुटं. मग मी पट्टा सोडून घड्याळ त्याच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी तू रडलास. आईच्या मांडीत डोकं घालून रडलास. म्हणालास, एका माणसाने आणून दिलं, स्वस्त मिळालं, मला काय माहीत चोरीचं आहे, एकदाच घेतलं, आईशप्पथ एकदाच. आईने तुला जवळ घेतलं. मीसुद्धा तुझ्या पाठीवरून हात फिरवला. कोठडीतून बाबांचा निरोप आला होता: त्याचं आयुष्य उभं राहायचंय, माझं राहून झालंय. त्यांनी गुन्हा कबूल केला, खटला उभाच राहिला नाही. दीड वर्ष.

त्या दीड वर्षात मी आणि आई दर महिन्याला भेटायला गेलो. तू एकदाही आला नाहीस. आधी तुझी मुलाखत होती, मग ताप आला, मग दुसऱ्या शहरात नोकरी लागली. बाबा जाळीपलीकडून विचारायचे, ‘तो जेवतो ना वेळेवर?’ सुटून आले तेव्हा त्यांचे हात कापायला लागले होते. आणि हात धड असते तरी काय उपयोग होता? घड्याळ दुरुस्तीला देणं म्हणजे चांगली वस्तू आठ दिवस परक्याच्या स्वाधीन करणं, ती कोण थांग्याकडे देईल? कुणी घड्याळं दिली नाहीत. छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांना सुतळी बांधायचं काम त्यांना मिळालं, सहा वर्षं ते केलं आणि गेले.

तू विसरलेला शब्द गल्ली विसरली नाही. हवालदाराने तो उच्चारला काय आणि पोराबाळांच्या तोंडी बसला काय. आपल्या अंगणात चेंडू पडला की पलीकडची पोरं ओरडायची, ‘थांग्याकडे गेला, आता कसला मिळतोय!’ पत्ता सांगताना लोक म्हणायचे, थांग्याच्या घरावरून डावीकडे. मला बघायला एक शिक्षक आले होते, दोनदा आले, तिसऱ्यांदा त्यांच्या काकांचा निरोप आला की पत्रिकेचं, वयाचं, कशाचंच काही नाही, फक्त तो शब्द आमच्या दाराला लागू नये. बाबा हे सगळं ऐकायचे. एकदा मला म्हणाले, ‘शब्द वाईट नसतो गं, त्याचा अर्थ एकदा बघून ठेव.’ मी शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरीला का गेले, त्याचं कारण तुझ्या पुस्तकात तू ‘तिची मूळची आवड’ असं लिहिलंयस.

तुझं सगळं छान झालं. जुन्या घड्याळांचं एवढं मोठं दालन, लिलाव, वर्तमानपत्रात फोटो. पैसे पाठवायचास, आईचं औषधपाणी त्यात झालं, ते नाकारत नाही. आई म्हणायची, माझा मुलगा एकदा चुकला, पण चुकून शहाणा झाला. मीही तेच मानत आले. चूक एक, वेळ वाईट, बाप मोठ्या मनाचा. एक्केचाळीस वर्षं मी या तीन गोष्टींवर गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा मला थोडा अभिमानसुद्धा होता.

मग ‘थ’ आला. आमच्या कोशात शब्द नुसता देऊन चालत नाही, तो कुठे, कधी, कुणी वापरला याचे दाखले द्यावे लागतात. थांगी माझ्या वाट्याला आला. खरं तर मी तो मागून घेतला. पोलिसांच्या कागदात शब्द जास्त सापडेल म्हणून मी न्यायालयाच्या जुन्या कागदांच्या खोलीत परवानगी काढून बसू लागले. तिथल्या रेकॉर्डकीपर बाईंना माझं भारी कौतुक. ‘लोक इथे जमिनी शोधायला येतात, तुम्ही शब्द शोधता!’ असं म्हणून त्या मला स्वतःच्या चहातला अर्धा कप द्यायच्या. बारा दिवसांत जुने चार दाखले सापडले. तेराव्या दिवशी सगळ्यात अलीकडचा सापडला. पिवळं पाकीट, हवालदाराचं अक्षर: ‘सदर इसम हा थांगी असल्याची खात्री झाली.’ सदर इसम म्हणजे बाबा.

मी पाकीट तसंच परत ठेवणार होते. पण माझी सही बघायची इच्छा झाली. सतराव्या वर्षीची आपली सही कुणाला बघावीशी वाटणार नाही? म्हणून पानं उलटली. मालाची यादी निघाली, डब्यातली चौदा घड्याळं, एकेकाचं झाकण उघडून वर्णन लिहिलेलं, आणि चौदाही ठिकाणी एकच वाक्य: आत कोणतीही खूण नाही. बाबांनी एकही उघडलं नव्हतं. पुढे माझा जबाब, सुट्या अक्षरांची सही. आणि त्याच्या खाली, दादा, तुझा जबाब.

तो तुला शब्दाला शब्द लिहून पाठवते, म्हणजे आठवायचे कष्ट नकोत. ‘माझे वडील चोरीची घड्याळे विकत घेतात असा मला काही दिवसांपासून संशय आहे. सदर घड्याळे दुकानातील काउंटरच्या खालच्या खणात, बिस्किटाच्या डब्यात ठेवलेली आहेत. मी त्यांना समजावून पाहिले. माझा यात संबंध नाही.’ खाली तुझी सही. मी ती दोनदा वाचली. मग तारीख वाचली. मग पुन्हा तारीख वाचली. पोलीस दुकानात आले त्याच्या आदल्या दिवसाची आहे.

रेकॉर्डकीपर बाई म्हणाल्या, बाई, तुम्हाला घाम का आलाय? मी म्हटलं, शब्द सापडला.

त्याच पाकिटात चोराचं नाव आणि पत्ता होता. पत्त्यावर कुणी राहत नव्हतं, पण त्या वस्तीत बोटक्या म्हटल्यावर शेंबड्या पोरानेही दाखवला असता. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, सत्तरी उलटलीय, भंगारवाल्याच्या दुकानाबाहेर बसून तांब्याच्या तारा सोलतो. मी शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसले आणि सांगितलं, मी त्या घड्याळजीची मुलगी. तो म्हणाला, ‘कोण घड्याळजी? म्हातारा? त्याला मी पहिल्यांदा बघितला तो कोर्टात. माझा माल घ्यायचा तो काउंटरवरचा, गोडबोल्या. दोन वर्षं घेत होता. वर मलाच शिकवायचा, पुरुषांची आणू नको, बायकांची आण, लवकर खपतात.’ मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? त्याने तार खाली ठेवली. ‘मला विचारलं कुणी? मला पकडल्यावर एवढंच विचारलं, दुकान हेच का? दुकान तेच होतं. हो म्हटलं. त्याच्या आधी एक दिवस मला उचललाय हे गोडबोल्याला कळलं होतं, मला वाटलं पळाला असेल. पळाला नाही. हुशार.’

तर हा त्याचा अर्थ. तुला कळलं की बोटक्या सापडलाय, तो उद्या दुकान दाखवणार, आणि तू आदल्या दिवशी जाऊन बाप दाखवून आलास. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो, पण त्यात निदान संन्याशाला पकडून देणारा चोर स्वतः नसतो. बाबांनी गुन्हा कबूल केला म्हणून तुझा जबाब कधी कुणी मोठ्याने वाचला नाही. ते तुला वाचवत होते आणि त्यांना माहीतच नव्हतं की तू आधीच स्वतःला वाचवून बसला आहेस. निदान माहीत नव्हतं असं मी स्वतःला रोज सांगते. तुझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यात काय होतं ते मी आठवून आठवून झिजवून टाकलंय, आता मला काहीच नक्की दिसत नाही.

आई हे कळायच्या आत गेली, ते तिचं भाग्य. आणि खरं सांगायचं तर, पाकिटाची प्रत मी कपाटात ठेवली होती आणि ती तिथेच राहिली असती. दोन महिने राहिली. मी रोज कपाट उघडायचे, बंद करायचे, आणि म्हणायचे, तो चौसष्टचा, मी अठ्ठावन्नची, आता कुणाचं काय व्हायचंय. वहिनीने काय केलंय, भाच्यांनी काय केलंय. मी गप्पच बसणार होते, दादा. शिकलेली होते तेवढं एकच.

मग मंगळवारी तुझी पानं आली. पान बासष्ट. ‘माझे वडील दुर्बळ होते. ते मोहाला बळी पडले. त्या कलंकातून मी एकट्याने स्वतःला वर काढलं. आज मी त्यांना क्षमा केली आहे.’

ते वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. तू शिक्षा त्यांच्यावर ढकललीस, ते मी कदाचित गिळलं असतं. भ्यालेला तेवीस वर्षांचा मुलगा काहीही करतो. पण क्षमा? तुझ्या बापाला, तू? आणि ती छापून, विकून, समारंभ करून, आणि त्या प्रकरणाला वजन यावं म्हणून मी त्याला शब्द पुरवायचा? चोर तो चोर, वर शिरजोर.

तेव्हापासून माझा गुडघा दुखत नाही. विचित्र आहे, पण दुखत नाही. बुधवारी सकाळी मी वर्तमानपत्राच्या संपादकांकडे गेले. तुला माहीत आहे, रविवारच्या पुरवणीत माझं शब्दांवरचं सदर असतं. तू त्याला ‘तुझं ते कोपऱ्यातलं’ म्हणतोस. मी त्यांना म्हटलं, या रविवारी कोपरा पुरणार नाही, पान हवंय. त्यांनी कागद मागितले, मी शिक्कामोर्तब केलेल्या प्रती समोर ठेवल्या. ते स्वतः जाऊन बोटक्याला भेटून आले, त्याच्याकडून लिहून घेतलं. तुला बोलायचं असेल तर पुढच्या रविवारची जागा त्यांनी राखून ठेवली आहे, माणूस न्यायाने वागणारा आहे. मी त्यांच्याइतकी न्यायी नाही. तू समारंभाला कोणता कोट घालशील, समोर बसलेली माणसं हातातली पुरवणी मांडीखाली कशी सरकवतील, तुझ्या दालनातली गिऱ्हाइकं आपापल्या घड्याळांकडे कशी बघतील, हे सगळं मी चार दिवस चवीने मनात घोळवलंय. याला सूड म्हणतात. ‘स’पर्यंत कोश पोचेल तेव्हा मी कामावर नसेन, तेव्हा तो शब्द मी हाताने करून बघायचं ठरवलं. पुस्तक थांबवायला मी कुणाला सांगितलेलं नाही. निघू दे. पान बासष्टवर शुद्धलेखनाची एकही चूक उरलेली नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगून संपवते. तुला सावध करायला नाही. आज शनिवार, पुरवणी छापून झाली आहे. हे पाकीट उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल असंच मी पाठवणार आहे, सकाळी पेपर वाटून झाल्यावर. आधी कळवलं असतं तर तू व्यासपीठावरून स्वतःच सगळं सांगितलं असतंस, गळा भरून आणला असतास, आणि लोकांनी तुझ्या कबुलीलाही टाळ्या दिल्या असत्या. ते दार मी बंद केलं. फोन केला नाही, कारण तू रडला असतास आणि माझा हात आपोआप तुझ्या पाठीवर गेला असता. तुला लिहिते आहे ते एवढ्यासाठी की तू लगेच सगळ्यांना सांगशील, बहीण जळते, आयुष्यभर कुढली, म्हातारपणी तिचं डोकं फिरलंय. ते म्हणायच्या आधी लेख पुरता वाच. त्यात मी तुझ्यापासून सुरुवात केलेली नाही. माझा जबाब मी मागे घेतला आहे, माझ्या नावासकट, माझ्या त्या सहीच्या छायाचित्रासकट. पहिली ओळ अशी आहे: ‘मी सतरा वर्षांची असताना चोरीचं घड्याळ हातात घातलं आणि माझ्या निरपराध वडिलांविरुद्ध खोटी साक्ष दिली.’ दुसऱ्या ओळीत तू आहेस.

तुझीच,
धाकटी